टेकडीचं फाटक

होल्ताकोट, १६ मे

प्रिय ब्रांदुर,

तुला फोनवर ओरडून माझा घसा बसतो, आणि तुला ऐकू येतं ते भलतंच. म्हणून पुन्हा पत्रच बरं. त्या वृद्धाश्रमात निदान टपाल तरी वेळेवर पोचत असेल.

बातमी अशी, की जंगलवाल्या मंडळाने कबूल केल्याप्रमाणे माणूस पाठवला. माणूस म्हणजे एक पोरगी. नाव नेझा. आली स्लोव्हेनियातून या आपल्या बोडक्या बेटावर, स्वतःच्या विमानभाड्याने. मे ते ऑक्टोबर आपल्या टेकडीवर भूर्जाची रोपं लावणार, शाळेतल्या अकरा पोरांना झाडं-माती शिकवणार, आणि या सगळ्याचा पगार शून्य. वरच्या खोलीत राहते, माझं मटणाचं सूप असेल तसं पिते आणि भांडी घासते. मी विचारलं, "तुमच्याकडे झाडं नाहीत का ग?" तर म्हणाली, "आमचा अर्ध्याहून जास्त देश जंगलच आहे." मग इथे काय तुझं अडलं होतं? स्वतःच्या घरी धान्याची पोती, आणि दुसऱ्याच्या शेतात फुकट नांगर. मला हे काही सरळ वाटत नाही.

मंडळाला टेकडी चाळीस वर्षांसाठी हवी आहे. आबांनी ती आपल्या दोघांच्या नावे ठेवल्यामुळे दोघांच्या सह्या लागतील. या वर्षी मी फक्त कुंपण घालून बघू दिलंय. कागद मेजाच्या खणात आहेत. तू काय म्हणतोस?

तुझी,
ओद्नी


आकुरेरी, २४ मे

ओद्नी,

सही करू नकोस. मीही करणार नाही.

फुकट काम कोणी करत नाही. चर्चमधला पाद्रीसुद्धा नाही. पलीकडच्या दरीत काय झालं विसरलीस? आधी कोणीतरी गोड बोलणारा आला, पक्षी मोजतो म्हणाला, आणि तीन वर्षांत अख्खी नदी माशांसकट परदेशातल्या कुठल्याशा शेठने घेतली. आता गावकऱ्यांना स्वतःच्या नदीत गळ टाकायची चोरी. ही पोरगी नदीकडे किती वेळा जाते ते बघ. वही बाळगते का? बाळगत असेल तर त्यात काय लिहिते ते बघ. तू लहानपणी माझ्या सगळ्या वह्या चोरून वाचायचीस, तेव्हा हे तुला जमेल.

चाळीस वर्षं मी डोंगरराजा होतो. सगळ्या दरीच्या मेंढ्या माझ्या शब्दावर डोंगरातून खाली यायच्या. त्या टेकडीवरून मी कधी एक मेंढी मागे सोडली नाही. आता तिथे झुडपं लावणार म्हणे, आणि मेंढ्यांना मज्जाव. आबा थडग्यात कूस बदलत असतील.

इथलं जेवण पांचट आहे. सुका मासा पाठव.

ब्रांदुर


होल्ताकोट, २० जून

प्रिय ब्रांदुर,

मासा सोबत आहे. त्यावर लावायचं लोणी त्यांच्याकडून माग, माझ्याकडून नको.

वही बघितली. ती अंघोळीला गेली होती तेव्हा. मला लाज वाटली, पण बघितली. तिच्या भाषेत आहे, एक अक्षर कळलं नाही. मध्येमध्ये आकडे, आणि आपल्या टेकडीवरच्या जागांची नावं, आपण लहानपणी घेत होतो तशीच. काळा ओहळ, कोकरूखडक, आजीची बैठक. ही नावं तिला पोरांनी सांगितली असणार. शेवटच्या पानावर माझं चित्र काढलंय, चूल फुंकतानाचं. नाक जरा मोठं काढलंय. म्हणजे बरोबरच काढलंय, पण तिने ते कशाला बघायचं?

नदीकडे ती जाते, पाण्याच्या बादल्या भरायला. दिवसाला चाळीस. मी पडद्याआडून मोजल्या.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत पोरांना घेऊन तिने तीन हजार रोपं लावली. प्रत्येक पोराची एक ओळ, ओळीच्या टोकाला नावाची पाटी. शेजारच्या ग्रोआची धाकटी, जी घरी बशी उचलत नाही, ती आपल्या ओळीला पाणी घालायला रोज दीड मैल चालत येते. कुंपण नेझाने स्वतः ठोकलं. फाटकही तिचंच. दोन कड्या, आणि वर तारेचा पीळ. "मेंढी हुशार असते," म्हणाली. आपल्या मेंढ्यांना कोणी हुशार म्हटलं की मला बरं वाटतं, हे तुला माहीत आहे.

सही केलेली नाही. पण कागद खणातून काढून मेजावर ठेवलेत. रागावू नकोस.

ओद्नी


आकुरेरी, २ जुलै

ओद्नी,

मला एक पत्र आलं. ग्रोआच्या धाकटीचं. "शाळेचा सुट्टीतला अभ्यास" असं वर लिहिलेलं. प्रश्न असा, की ब्रांदुर आजोबा, तुमच्या लहानपणी होल्ताकोटच्या टेकडीवर झाडं होती का आणि ती कुठे गेली. हा प्रश्न पोरीचा नाही. पोरीच्या हाताने दुसऱ्याच कोणीतरी विचारलेला आहे. आज झाडं कुठे गेली विचारतील, उद्या कोणी संपवली विचारतील, आणि परवा बोट आपल्याकडे. मी उत्तर पाठवलं: टेकडी मेंढ्यांची होती आणि आहे.

चित्र काढते म्हणजे निरीक्षण करते. सावध राहा.

सप्टेंबरात मेंढ्या खाली आणायच्या दिवशी मला यायचंय. इथला गाडीवाला कौरी आणेल म्हणाला. चालता येत नसलं तरी मेंढवाड्याच्या भिंतीवर बसून बघता तर येईल.

ब्रांदुर


होल्ताकोट, १९ सप्टेंबर

प्रिय ब्रांदुर,

शनिवारी तुला मेंढवाड्याच्या भिंतीवर बसलेलं बघून फार बरं वाटलं. सगळे येऊन तुझा हात हातात घेत होते. नेझानेही घेतला, तू मात्र तिच्याकडे न बघता नाक शिंकरलंस. असो.

रविवारी सकाळी काय झालं ते आता लिहिते. लिहायला हात होत नाही.

मी दूध काढायला बाहेर आले तर मेंढ्या कुरणात नव्हत्या. वर बघितलं, तर सगळ्या टेकडीवर. कुंपणाच्या आत. फाटक सताड उघडं. कुत्र्याला घेऊन मी धावले, साठाव्या वर्षानंतर पहिल्यांदा धावले, पण रात्रभर चरून झालेलं होतं. तीन हजारांतलं एक रोप धड नाही. ओळींच्या पाट्या तेवढ्या उभ्या आहेत. आणि खाणाऱ्या मेंढ्या माझ्या, ब्रांदुर. सगळ्या माझ्या.

आदल्या दिवशी शेवटी टेकडीवर नेझाच होती. सगळे मेंढवाड्याकडे गात-पीत होते तेव्हा ही रोपांना शेवटचं बघून येते म्हणून वर गेली आणि संध्याकाळी उतरली. मी तिला विचारलं, "फाटक लावलं होतंस?" "हो." "कोणाला बघितलंस तिथे?" ती खाली बघायला लागली. मग म्हणाली, "नाही." ब्रांदुर, खोटं बोलणारं माणूस मला चहाच्या कपात दिसतं. ही खोटं बोलली. काहीतरी दडवते आहे.

सोमवारी पोरं आली. ग्रोआची धाकटी आपल्या पाटीपाशी बसली आणि उठेना. मग सरळ नेझाला म्हणाली, "तू आम्हाला रोज सांगायचीस फाटक लावा, आणि तूच नाही लावलंस." नेझा वाकून कुरतडलेली रोपं चाचपत राहिली. पोरांना वाटायचं ते वाटून चुकलं. आता तिच्याशी कोणी बोलत नाही, मीसुद्धा ताट समोर ठेवते आणि उठते. मंडळाने कळवलंय, की हलगर्जीपणा झाला, दहा ऑक्टोबरला तिने परत जावं आणि पुढच्या वर्षी अर्ज करू नये.

तुझंच खरं ठरलं. कागद खणात परत टाकलेत.

ओद्नी


आकुरेरी, २३ सप्टेंबर

ओद्नी,

मी सांगितलं होतं. जाऊ दे तिला. परक्या माणसाला आपल्या फाटकांची सवय नसते. वाऱ्यानेही उघडलं असेल. त्या वळणावर वारा कसा मारतो ते तुला माहीत आहे. आता खोदत बसू नकोस, कोणाला काही विचारत बसू नकोस. झालं ते झालं.

मेंढ्या बऱ्या आहेत ना? एवढा कोवळा पाला पोटात गेल्यावर फुगतात. आणि रोपांची मुळं शाबूत असतील तर पुन्हा फुटतील का? सहज विचारतोय.

ग्रोआच्या धाकटीला सांग रडू नकोस म्हणावं.

ब्रांदुर


होल्ताकोट, २९ सप्टेंबर

ब्रांदुर,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा लावून, मग काढून, मग पुन्हा लावून.

एक. वारा. त्या रात्री गवताचं पातंही हललं नाही, असा शांत दिवस आणि शांत रात्र. सगळी दरी तेच बोलत होती, की मेंढ्या आणायला असा दिवस वीस वर्षांत मिळाला नाही. तू भिंतीवर बसून स्वतः तेच म्हणालास.

दोन. तू रोपांची चौकशी केलीस. चार महिने त्यांना झुडपं म्हणत होतास. आता मुळांची काळजी.

तीन. तू मला म्हणतोस, कोणाला विचारू नकोस. तू! स्वतःची टोपी हरवली तर अख्ख्या गावाच्या डोक्यांकडे बघणारा माणूस.

म्हणून मी विचारलं. कौरी काल पोस्टात भेटला. म्हणाला, "तुझ्या भावाने परत जाताना टेकडीच्या वळणावर गाडी थांबवायला लावली. अर्धा तास. मी गाडीत डुलकी काढली." अर्धा तास, ब्रांदुर. लघवीला अर्धा तास लागत नाही, तुझ्या वयातही.

तू तिथे काय करत होतास?

ओद्नी


आकुरेरी, ३ ऑक्टोबर

ओद्नी,

बरं. ऐक.

मीच उघडलं असणार. हाताची सवय. तुला माहीत आहे आपली रीत: मेंढ्या खाली आणल्या, मोजल्या, की त्या रात्री डोंगराकडची सगळी फाटकं उघडी सोडायची, म्हणजे एखादी चुकलेली मागाहून येणारी असेल तर तिला घरी यायला वाट राहते. पन्नास वर्षं मी ते केलं. आबा करायचे. त्यांचे आबा करायचे. कौरीने गाडी थांबवली, मी उतरलो, हाताने आपलं काम केलं. डोक्याला कळलंच नाही की आता तिथे रोपं आहेत.

हे दरीत कोणाला सांगू नकोस. इथे माझ्या पलंगाच्या वर एकच गोष्ट टांगलेली आहे, मेंढ्यांसमोर उभा असलेला माझा फोटो. ज्या माणसाचं नाव फाटकांवर उभं आहे, त्याने फाटक चुकवलं म्हणून म्हाताऱ्या बायका हसतील. ती पोरगी काय, आज इथे, उद्या दुसऱ्या देशात. तिला दोन दिवसांत विसर पडेल.

तुझा भाऊ आहे मी.

ब्रांदुर


होल्ताकोट, ६ ऑक्टोबर

ब्रांदुर,

तू माझा भाऊ आहेस म्हणूनच लिहिते, नाहीतर हे पत्र मंडळाकडे गेलं असतं.

पत्र वाचलं आणि आधी मी रडले. रीत खरी आहे. वाटलं, बिचारा, हाताची सवय. मग पक्कड घेऊन टेकडीवर गेले.

फाटक जुनं असतं तर मी तुझं ऐकलं असतं. जुन्याला दोरीचा फास होता, कोपराने उघडायचं. हे नवं आहे. तुझ्या हाताने ते आयुष्यात कधी बघितलेलं नाही. दोन कड्या. दुसरी इतकी घट्ट की मला पकडीने ठोकावी लागते. वर तारेचा पीळ, पाच वेढे. तुझ्या बोटांनी शर्टाचं बटण लागत नाही, ते कोणी लावून देतं. तो पीळ सोडवायला तुला किती वेळ लागला असेल? अर्धा तास, तेवढाच ना? असं काम हात एकटा करत नाही. सोबत डोकं लागतं, आणि मनात आणावं लागतं.

खोटं बोललास तर पुढच्या वेळी तरी जरा मेहनत घे. मला वह्या चोरून वाचायची सवय तूच लावलीस.

नेझा दहा तारखेला सकाळच्या बसने जाते. मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगायचा हक्क तुझा आहे. अजून चार दिवस आहेत. आश्रमात फोन आहे, टपाल आहे, कौरी आहे. बघ काय ते.

ओद्नी


होल्ताकोट, १५ ऑक्टोबर

ब्रांदुर,

तुझं काही आलं नाही. ती गेली.

मी बसपर्यंत सोडायला गेले. पोरांपैकी एकही आलं नाही. शाळेच्या खिडकीत मला डोकी दिसली, पण हात कोणी हलवला नाही. नेझाने खिडकीकडे बघून हलवला. मी तिथेच सगळं ओरडून सांगणार होते. मग वाटलं, भावाच्या तोंडून चोरलेलं सत्य मी का वाटू? आता वाटतं, वाटायला हवं होतं. माझं मलाच पटत नाही.

जाताना तिने तुझ्यासाठी हे बंद पाकीट दिलं. मी उघडलेलं नाही. हवं तर चिकटवलेली कड तपासून बघ.

ओद्नी


होल्ताकोट, ९ ऑक्टोबर

श्री. ब्रांदुर,

तुमची भाषा मला अजून नीट येत नाही. चुका माफ करा.

त्या शनिवारी मी टेकडीच्या वर, कोकरूखडकाच्या मागे बसले होते. तुमची गाडी थांबलेली बघितली. तुम्ही उतरलात, फाटकाशी आलात. मला वाटलं, तुम्ही झाडं बघायला आलात. मला फार आनंद झाला. तुम्हाला तार सोडवता येत नव्हती. मी मदत करायला उठलेच होते. माझी कडी फार घट्ट आहे, मला माहीत आहे.

मग तुम्ही फाटक पूर्ण उघडलं आणि मेंढ्यांना हाक मारली. तशी हाक मी कधी ऐकली नव्हती. एक मेंढी आली, मग सगळ्या आल्या. तुम्ही टोपी काढलीत. मी तुमचा चेहरा बघितला. मी तेव्हाच खाली येऊन त्यांना हाकलायला हवं होतं. खूप रोपं वाचली असती. मी आले नाही. ही माझी चूक आहे, म्हणून मंडळ जे म्हणतं ते पूर्ण खोटं नाही.

नंतर मला राग आला. खूप. मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं आहे. भाऊ फाटक उघडतो, बहिणीच्या मेंढ्या खातात, म्हणजे परकी मुलगी निघून जाईल. मी रोज सूप पिताना ओद्नीबाईंकडे संशयाने बघत होते. त्याही माझ्याकडे तसंच बघत होत्या. मग एकदा तुमचं पत्र आलं आणि त्यांनी ते वाचून कप इतक्या जोरात आपटला की कान तुटला. तेव्हा कळलं, त्यांना काही माहीत नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी विचारलं, कोणाला बघितलं का, तेव्हा मी "नाही" म्हणाले. त्या रोज मला तुमच्याबद्दल सांगायच्या. मी जाणारच आहे. त्यांना तुमच्याशी नातं ठेवून राहायचं आहे. म्हणून.

पण मुलांना वाटतं, मी फाटक उघडं टाकलं. त्याचं मला फार वाईट वाटतं. ते सहन होत नाही. बाकी सगळं होतं.

नेझा


आकुरेरी, २२ ऑक्टोबर

ओद्नी,

कड तपासली. तू उघडलं नव्हतंस. आता उघडून वाच, सोबत परत पाठवतोय.

कागदांवर माझी सही करून पाठवली आहे, कौरीच्या हाती. मंडळालाही लिहिलं. आणखी एक पत्र सोबत आहे, ते शाळेत तू स्वतः वाचून दाखव. मास्तरणीला देऊ नकोस. ती दुखरे शब्द गाळते.

ब्रांदुर


आकुरेरी, २२ ऑक्टोबर

होल्ताकोटच्या शाळेतल्या मुलांनो,

मी ब्रांदुर. तुमच्यापैकी काहींच्या आजोबांना मी ओरडून डोंगर चढायला शिकवलं आहे.

फाटक नेझाने उघडं टाकलं नव्हतं. तिने लावलं होतं, घट्ट लावलं होतं. मी उघडलं. चुकून नाही. तार सोडवताना माझ्या बोटातून रक्त आलं, तरी मी थांबलो नाही. मी बहिणीला सांगितलं की वाऱ्याने उघडलं असेल, मग सांगितलं की हाताला सवय आहे. दोन्ही खोटं.

खरं असं आहे. या आश्रमात मेंढ्या नाहीत. त्या दिवशी सगळ्यांनी माझा हात हातात घेतला आणि मग सगळे आपापल्या मेंढ्या घेऊन निघाले, आणि मला गाडीत बसवलं. मला माझ्या मेंढ्या त्या टेकडीवर आणखी एकदा चढताना बघायच्या होत्या. तेवढंच. मी हाक मारली आणि त्या आल्या. इतक्या वर्षांनी आवाज ओळखला त्यांनी. त्या तुमची रोपं खात होत्या हे मला दिसत होतं. पाट्यांवरची नावं दिसत नव्हती, पण पाट्या दिसत होत्या. मी फाटक लावलं नाही. या वर्षातला माझा तो सगळ्यात चांगला अर्धा तास होता, आणि त्याची शिक्षा मी दुसऱ्याच्या पोरीला होऊ दिली.

एकीने मला विचारलं होतं, टेकडीवर झाडं होती का. मी खोटं उत्तर पाठवलं. होती. माझ्या लहानपणी काळ्या ओहळाच्या बाजूला माझ्या डोक्याच्या वर जाणारे भूर्ज होते. आमच्या मेंढ्यांनी संपवले. आम्ही संपवू दिले.

नेझाचा पत्ता ओद्नीकडे आहे. तुम्ही तिला काय बोललात ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा काय लिहायचं तेही ठाऊक असेल. मी माझं लिहिलं आहे. ती परत येईल की नाही, मला माहीत नाही. मी तिच्या जागी असतो तर आलो नसतो.

मेमध्ये नवी रोपं येतील. कौरी मला खुर्चीसकट आणेल. खड्डे मला खणता येणार नाहीत, पण संध्याकाळी फाटक मी लावीन, दोन्ही कड्या आणि वर तार. लावून झालं की तुम्ही एकेकाने येऊन ते ओढून बघायचं. मी लावलं म्हटलं तरी ओढून बघायचं.

ब्रांदुर